पाणी कुठं मुरतं

"आपोआप बंद पडलं," लायनेल डगन म्हणतो.
काउंटरशी येऊन सगळे हेच म्हणतात.
अठरा वर्षांत एकही जण असा भेटला नाही
जो म्हणाला, रेविन, मी मोडलं.

बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र.
लाल रंग विटून गुलाबी झालेला,
सीटवर मेंढीचं कातडं, त्याला ओल्या कुत्र्याचा वास.
इंजिन सुरू होतं, पट्टा फिरतो,
चाकं ढिम्म.
गिअरबॉक्सची दातखिळी बसली आहे.

घोडीवर चढवते. आधी गवत निघतं,
दोन उन्हाळ्यांचं, थापून नमद्यासारखं झालेलं,
त्याखाली हवा खायची पाती, दोन तुटलेली.
तापलं की तेल पातळ होतं,
पातळ तेल म्हणजे नावाला तेल.
पण हे जुनं दुखणं. यानं लगेच कुणी जात नाही.

मग मागच्या गिअरचे दात. झिजून गोल,
लहान मुलानं चोखलेल्या गोळीसारखे.
"पूर्ण थांबायच्या आत मागं टाकतोस?"
"छे," तो म्हणतो.
(नोला असताना सांगायची, गाडीसुद्धा हा असाच मागं घेतो,
चर्चच्या कुंपणाला विचारा.)

तेलाचा बोळा काढते.
काळं यायला हवं होतं. आलं ते चहासारखं,
दूध जास्त झालेल्या.
तळाशी पितळेचा चुरा, दिव्याखाली चमचमणारा,
आणि एक अख्खा दात.

कुठंतरी पाणी मुरतंय, लायनेल.

"पाऊस," तो म्हणतो, "होकिटिकात काय कमी पडतो?"
पडतो की. माझ्याही पत्र्यावर आत्ता पडतोय.
पण पाऊस वरून येतो.
हे पाणी बाजूनं आत शिरलं आहे,
आसाच्या वाटेनं, चाक अर्धं बुडाल्यावर.

चाक काढते.
आसाला नायलॉनची दोरी, चाळीस-एक वेढे,
घट्ट, घासून वितळलेली,
सीलच्या ओठात रुतून तो कापत गेलेली.
मासेमारीची दोरी.
लायनेल भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागतो.
ते गेल्या वर्षीचं आहे.

सीलमधली वाळू बोटावर घेते.
करडी, अभ्रकाचे कण असलेली, पिठाहून बारीक.
अशी वाळू एकाच ओढ्याला आहे,
आणि त्या ओढ्याच्याही एकाच वळणाला.

आता हे कसं सांगू तुम्हाला.
व्हाइटबेटचा मोसम म्हणजे आमचे जेमतेम नऊ आठवडे.
बोटाहून लहान, काचेसारखे मासे,
डोळे तेवढे दिसतात.
या दिवसांत इथला माणूस
पगार सांगेल, डॉक्टरला काय सापडलं ते सांगेल,
बायको का निघून गेली तेही सांगेल दुसऱ्या बिअरला.
जाळी कुठं लावतो ते नाही सांगणार.

म्हणजे रात्री, दिवे न लावता,
होडी मागं बांधून हा काठ उतरतो.
ट्रॅक्टर सगळ्यांना ऐकू येतो.
गवत कापायच्या यंत्राकडं कोण बघतं?
चढावर दमछाक, पुढं, मागं, पुढं,
पाण्यात अर्धी चाकं, गिअर कण्हतोय,
आणि हा त्याला म्हणतोय, हळू, हळू, लोक झोपलेत.

नवं सील टाकते, नवे दात, नवं तेल.
बिलावर लिहिते: गवतामुळे बिघाड.
"थांबल्याशिवाय मागं टाकू नको.
पात्यांवरचं गवत झाडत जा.
आणि याला होडी ओढायला लावू नको."
"कुठली होडी?" लायनेल म्हणतो.

अर्धे पैसे रोख देतो.
उरलेल्याचा आइसक्रीमचा डबा, फडक्यात गुंडाळलेला, थंडगार.
झाकण मी त्याच्यासमोर उघडत नाही.

तो गेल्यावर जमीन धुते,
वाळू नीट, शेवटच्या कणापर्यंत.
मग मागच्या शेडचं दार लावून घेते.
तिथं माझं स्वतःचं यंत्र उभं आहे, ताडपत्रीखाली.
त्याचं तेल मी दुसऱ्या कुणाला बदलू देत नाही.